तिसरा फर्मा

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो हाडाच्या पट्टीचा. फजरची नमाज झाली की अम्मी ओसरीवर छापील तावांचा गठ्ठा ओढून घड्या घालायला बसायची. ताव दुमडायचा, त्यावरून पट्टी सर्रकन ओढायची, पुन्हा दुमडायचा, पुन्हा पट्टी. मोठ्या तावाच्या एका बाजूला आठ पानं आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापलेली असत. ती तावावर उलटीसुलटी दिसत, पण तीन घड्या घातल्या की सोळाच्या सोळा पानं क्रमाने लागत. या सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. अब्बा बाइंडर होते. अकोल्याला ताजनापेठेमागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली फर्म्यांची, उरलेलीत आम्ही पाच जण. चुलीवर एकीकडे तुरीचं वरण शिजायचं आणि दुसरीकडे मैद्याची खळ. खळीला कीड लागू नये म्हणून अब्बा तिच्यात मोरचूद घालायचे. लहानपणी मी ती एकदा बोटाने चाटली आणि दिवसभर ओकत बसले. खळीचा वास आला की आजही मला भूक लागते आणि त्याच क्षणी मळमळतं.

अब्बांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. जन्मभर त्यांनी मराठी पुस्तकं बांधली ती फक्त पानांचे आकडे बघून. मला मात्र गल्लीजवळची म्हणून मराठी शाळेत घातलं होतं, त्यामुळे घरात येणारं सगळं मी वाचायची. पण वाचायची ती घडी न घातलेल्या तावावरून, मान तिरकी करून. माझ्या बालपणीच्या गोष्टींत माणूस आधी मरायचा आणि मग त्याचं लग्न ठरायचं. मधलं काय झालं असेल ते मी मनाने जुळवायची. लेखिका होण्याचं खूळ मला तिथूनच लागलं असावं. घरात आम्ही उर्दू, हिंदी, वऱ्हाडी अशी भेळ बोलायचो. इथे मी सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते आहे, कारण मला ते तसंच ऐकू येतं.

माझ्याकडे आता नवी मुलंमुली येतात. मॅडम, पुस्तक काढायचंय, कसं काढू? मोबाइलवर लिहिलेलं असतं, मुखपृष्ठ आधीच तयार असतं, प्रकाशनाचा व्हिडिओ कोण काढणार तेही ठरलेलं असतं. फक्त पुस्तक व्हायचं बाकी असतं. मी त्यांना मला ठाऊक आहे ते सांगते. लिहून झालं की मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडा. मुद्रितं अशा माणसाकडून तपासून घ्या ज्याचं तुमच्यावर प्रेम नाही. प्रस्तावनेसाठी कुणाच्या दारात चपला झिजवू नका, ती लोक वाचत नाहीत आणि ती लिहिणाराही पुस्तक वाचत नाही. पहिल्या खेपेला तीनशेच प्रती काढा, जास्तीच्या खाटेखाली जातात आणि तिथे वाळवीच त्यांची वाचक होते. आपल्या गावातल्या दोन वाचनालयांत आणि चार शाळांत स्वतः पायी जा. पोस्ट टाकून घरी बसू नका. मुलं हे सगळं मोबाइलवर टिपून घेतात. त्यांच्यापुढे शहाणपणा मिरवताना मला माझंच पहिलं पुस्तक आठवतं, आणि मग चहा करायच्या निमित्ताने मी उठून आत जाते.

मी उतावीळ होते. पी हळद नि हो गोरी, असा एकूण कारभार. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तीन महिन्यांत मी नऊ गोष्टी लिहिल्या, आणि नववीची शाई वाळायच्या आत मला पुस्तक हवं होतं. घरात मी एका जागी बसत नसे. अम्मी म्हणायची, "हिच्या पायाले भिंगरी हाय, हिले बसवून घडी घालाले लावा, नाई तं ही फिरून फिरून जमीन उकरंल." अब्बा ज्या छापखान्याची पुस्तकं बांधायचे त्याच्या मालकांनी, लग्नपत्रिकांमधून वेळ मिळेल तसं छापून देतो, असं कबूल केलं. मी रोज कॉलेज सुटलं की छापखान्यात जाऊन उभी राहायची. कंपोझिटर मला बघितलं की अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीकडे तोंड फिरवायचे.

नऊ गोष्टींतली सगळ्यात चांगली गोष्ट माझी नव्हती, मेहरून फूफीची होती. फूफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. तिला शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरी दिलेलं. मोठं खटलं, पाच दीर, त्यांच्या बायका, सासू, चुलतसासू, आणि हंगामात बागेवरच्या माणसांचा स्वयंपाक. एकदा ती माहेरपणाला आली असताना दुपारी आम्ही दोघी ओसरीवर संत्री सोलत बसलो होतो. तेव्हा तिने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आपण चार दिवस कुठे गेलो होतो ते मला सांगितलं. सांगताना ती इतकी हसत होती की फोडी तिच्या मांडीवर सांडल्या. "कोनाले बोलू नोको वं," ती म्हणाली. मी बोलले नाही, लिहिलं. मेहरूनची जोहरा केली आणि समजले की झालं काम. नाकातली लवंगेएवढी चमकी तीच, पाच दीर तेच, दारापुढचं बोराचं झाड तेच. गावाचं नावसुद्धा मी तेच ठेवलं, कारण त्याचा नाद मला आवडायचा.

गोष्ट लांब होती म्हणून मालकांनी ती स्वतंत्र फर्म्यावर घेतली. तिसरा फर्मा, पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस. त्याची एक बाजू छापून झाल्यावर मशीनवाल्याच्या लक्षात आलं की शाई जास्त झालीय, अक्षरं भरलीत. जवळजवळ रीमभर ताव बाजूला काढून नव्या कागदावर पुन्हा छापलं, आणि खराब ताव नेहमीप्रमाणे आमच्या घरी आले. छापखान्यातले सगळे खराब ताव आमच्याकडे यायचे आणि आमच्याकडून शेंदूरजनाघाटला जायचे, संत्र्यांच्या लाकडी पेट्यांत अस्तर घालायला. हा भावाबहिणीतला जुना रिवाज होता. इथून कागद जायचा, हंगामात तिथून संत्र्यांची एक पेटी यायची. आमच्या लेखी खराब ताव म्हणजे नुसता कागद, त्यावर काय छापलंय हे कुणी बघत नसे.

मी बघितलं होतं. तो गठ्ठा मी स्वतः बांधला. मला अमरावतीची गाडी गाठायची होती, एका प्राध्यापकांकडे प्रस्तावनेसाठी तिसरी खेप होती, आणि अम्मी मागून ओरडत होती की ट्रान्सपोर्टवाला आलाय. वरच्याच तावावर जोहरा होती. सुतळीला गाठ मारताना माझ्या मनात जे आलं ते मला स्पष्ट आठवतं. तिथे कोण वाचतंय, असं आलं. माझे वाचक अमरावतीला होते, पुण्याला होते, जिथे मी कधी गेले नव्हते तिथे होते. ज्यांच्याविषयी लिहिलं ते वाचतील हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी अमरावती-अकोला अशी नुसती पळत होते. प्राध्यापकांनी प्रस्तावना दिली, तिच्यात मी मुसलमान असून मराठी कशी शुद्ध लिहिते याचंच कौतुक चार परिच्छेद होतं. त्या वेळी मला तेही गोड लागलं. एका रविवारी अमरावतीला प्रकाशन ठरलं. मी पत्रकं छापली, मैत्रिणींकडून वाटली, दोन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देऊन आले. जेवताना मी उभ्यानेच भाकरी खायची. घरी बाकीचे फर्मे येत होते, घड्या पडत होत्या, आणि अम्मी माझ्या पुस्तकाची इतर पुस्तकांसारखीच घडी घालते याचा मला रागही येत होता.

प्रकाशनाच्या आधीच्या सोमवारी शेंदूरजनाघाटहून पेटी आली. अब्बांनी फळी उचकटली. संत्र्यांवर नेहमी गवत असायचं, या वेळी माझा ताव होता, छापील बाजू वर करून. त्याच्या कोऱ्या समासात पेन्सिलने उर्दूत एक ओळ होती. फूफीला तेवढंच लिहिता यायचं. अब्बांनी ती मोठ्याने वाचली.

"बाकीची पानं घेऊन ये."

अब्बांनी विचारलं, कायची पानं? मग मला सांगावं लागलं की ती गोष्ट फूफीची आहे. ती चार दिवस कुठे होती हे अब्बांनाही ठाऊक नव्हतं. फूफी सासरी सांगून निघाली होती की अकोल्याला भावाकडे जाते, आणि ती आलीच नव्हती. तरीही तिच्या सासरहून विचारणा आली तेव्हा अब्बांनी कार्ड टाकलं होतं की पोचली, खुशाल आहे. त्यांनी बहिणीला कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. मी फर्मा उघडून वाचायला लागले तर त्यांनी हात आडवा केला.

"मले नोको वाचू. जिचं हाय तिले वाच."

"तुमी चालता सोबत?"

"लिवताना एकटीच होती ना? एकटीच जाय."

गाडीत मला बसवेना. अमरावतीला गाडी बदलली, मोर्शीनंतर दोन्हीकडे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, आणि मी पिशवीतला फर्मा काढून पुन्हा पुन्हा बघत होते की एका बाजूला नेमकी कोणती पानं गेली. तेहेतीस गेलं होतं, चौतीस-पस्तीस नव्हती. छत्तीस-सदतीस गेली, अडतीस-एकोणचाळीस नव्हती. असं शेवटपर्यंत. तेहेतिसाव्यावर जोहरा पहाटे बोचकं घेऊन निघते आणि अकोल्याचं तिकीट काढून मूर्तिजापूरलाच उतरते. छत्तिसाव्यावर ती शकुंतला नावाच्या अरुंद रुळांच्या गाडीतून एका लहान स्टेशनावर उतरलेली आहे आणि एक माणूस तिचं बोचकं उचलून पुढे चालतो आहे. चाळिसाव्यावर दाराला आतून कडी आहे. अठ्ठेचाळिसाव्यावर ती घरी परत येते आणि कुणाला काही सांगत नाही. फूफीला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणजे ते कुणीतरी मोठ्याने वाचलं असणार. मी लहानपणी गोष्टींच्या गाळलेल्या जागा मनाने भरायची, तेच आता एक अख्खं गाव करत होतं. त्यांनी त्या कशाने भरल्या असतील हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

फूफी घरात नव्हती, वाडीला लागून असलेल्या पेट्या भरायच्या शेडमध्ये होती. पंधरावीस बाया पोत्यांवर बसून फळं निवडत होत्या. फूफा, म्हणजे फूफीचे यजमान, एका बाजूला खाटेवर. ते म्हातारे झाले होते, कुणावर आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला बघून बायांचे हात थांबले. फूफीने मला जवळ घेतलं नाही.

"आनली पानं?"

मी मान हलवली. तिने एका बाईला हाक मारली. कमला. सातवी शिकलेली, शेडमध्ये अस्तराचे कागद तीच मोठ्याने वाचून दाखवायची, काम करताना तेवढीच करमणूक. वर्षानुवर्षं आमचे खराब ताव तिथे असे वाचले जात होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

"कमलाबाई, तुही पानं तू वाच," फूफी म्हणाली. "हिची पानं ही वाचंल. सगळ्याईनं आयका. येक बी पान सोडाचं नाई."

"फूफी, मी नुसतं सांगते ना, ते-"

"सांगू नोको. लिवलं तसं वाच."

तसं आम्ही वाचलं. कमला एक तुकडा वाचायची, मग मी. तिचा आवाज खणखणीत होता, माझा फुटत होता. मूर्तिजापूरला उतरण्याचं तिने वाचलं, आणि का उतरली ते मी: कुसुम नावाची जोहराची बालमैत्रीण शकुंतलेच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याकडे दिलेली होती. बोचकं उचलणारा माणूस तिने वाचला. तो कुसुमचा सासरा होता आणि स्टेशनावर सुनेची मैत्रीण येणार म्हणून बैलगाडी घेऊन आला होता, हे मी वाचलं. दाराची कडी तिने वाचली. ती कडी कुसुमने घातली होती, आपली पोरं आत जाऊन उठवतील म्हणून. आणि आत जोहरा झोपली होती. पहिल्या दिवशी ती कपाशीच्या ढिगावर झोपली ती दुसऱ्या दुपारी उठली, भाकरी खाल्ली आणि पुन्हा झोपली. चार दिवसांत तिने दुसरं काही केलं नाही. अठ्ठेचाळिसावं पान कमलाने वाचलं आणि ताव मांडीवर ठेवला.

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "त्या कुसुमबाईचं गाव कोनतं वं?" आणि दोघीतिघी हसल्या. ते हसणं टिंगलीचं नव्हतं. कमला पदराने तोंड पुसत म्हणाली, "म्या लय बोल्ली होती बाई तुमाले. माफ करा." मला वाटलं, सुटले. खरं सांगायचं तर मला वाटलं की गोष्ट जमलीय. अशा वेळीसुद्धा माझ्या मनात पहिलं तेच आलं.

तेवढ्यात फूफा खाटेवरून बोलले. ते बायकोकडे बघत नव्हते, हातातल्या संत्र्याकडे बघत होते.

"माह्या घरात झोपाले जागा नोयती का?"

फूफी म्हणाली, "जागा होती. येळ नोयता."

फूफांनी संत्रं पेटीत ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि बागेकडे निघून गेले. पाठमोरे ते फार लहान दिसत होते. गावात आठ दिवस बायकोच्या नावाने काय काय बोललं गेलं, त्यातल्या एका शब्दावरही त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, हे कमलाने मला नंतर सांगितलं. खोट्याने त्यांना काही झालं नाही, खऱ्याने झालं.

फूफी मला विहिरीपाशी घेऊन गेली. बादली ओढून तिने मला पाणी दिलं, मग बोलली. "तू वाईट नाई लिवलं. सारं खरं हाय. म्हनूनच बुकात नोको. आज त्याईनं एकडाव आयकलं. बुक असलं म्हंजे घरोघरी राह्यते, जो उघडंल तो त्याईले पुन्हा आयकवंल. मानूस चांगला हाय वं तो. त्याच्या मायपुढं त्याचं काई चाललं नाई, बस." मी विचारलं, मग कधीच नको? ती म्हणाली, "आमी दोघं गेल्यावर लिवजो. मंग कोनाले काय." आता दोघंही गेली. म्हणून हे लिहिते आहे.

मी अकोल्याला परतले तेव्हा प्रकाशनाला तीन दिवस होते. बाकीचे सगळे फर्मे छापून, घडी होऊन तयार होते, पानांचे आकडे बदलणं शक्य नव्हतं, अनुक्रमणिकेत गोष्टीचं नाव छापलेलं होतं. मी अब्बांना एवढंच सांगितलं की तिसरा फर्मा घालायचा नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या फर्म्याची थप्पी त्यांनी स्वतः अंगणात नेऊन जाळली आणि उरलेल्यांची शिलाई करायला बसले. मी प्रकाशन पुढे ढकलू शकले असते. आठ दिवसांत एक चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवता आली असती की एक गोष्ट लेखिकेने मागे घेतली आहे. पत्रकं वाटून झाली होती, बातमी आली होती, आणि मला थांबवत नव्हतं. नव्या मुलांना मी हेही सांगते, की तारीख पुस्तकासाठी असते, पुस्तक तारखेसाठी नसतं. कुठून शिकले ते सांगत नाही.

रविवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं. अब्बा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, शेजारी छापखान्याचे मालक. प्रमुख पाहुण्यांनी रंगीत कागद सोडवून पुस्तक वर धरलं, फोटो झाले. ते विनोदी बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते. बोलता बोलता त्यांनी अनुक्रमणिका उघडली, पानं उलटली आणि थांबले.

"अहो, हे बत्तीस पानानंतर एकदम एकोणपन्नास. बाईंनी नऊ गोष्टी लिहिल्या, एक बाइंडरनं खाल्लेली दिसते."

लोक हसले. बाकीच्या प्रती उघडून बघू लागले आणि पुन्हा हसले. बाइंडरला लोक वाकडी शिलाई माफ करतात, खळीचा डाग माफ करतात. फर्मा गाळला तर त्याला पुन्हा काम देत नाहीत, कारण पुस्तक पुरं बांधणं एवढंच तर त्याचं काम. छापखान्याचे मालक अब्बांकडे वळून बघत होते. ध्वनिक्षेपक माझ्यापासून दोन हातांवर होता. फर्मा मीच काढायला लावला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. कारण कुणाला द्यायची मला गरज नव्हती. फूफीचं नाव निघेल म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. माझा समारंभ बिघडेल म्हणून मी गप्प राहिले.

शेवटच्या रांगेतून अब्बा उभे राहिले. त्यांनी हात जोडले होते.

"चूक माही हाय साहेब," ते म्हणाले. "फर्मा माह्याकडून राह्यला. पोरीचं बुक म्हनून घाई झाली."

आणि ते खाली बसले. पाहुणे म्हणाले, असा प्रामाणिकपणा आता कुठे राहिला आहे, यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर बसून मीही वाजवल्या.